पोरं भाषेला घाबरायला लागतात ती इंग्रजीच्या तासाला : अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

राज्यातल्या मराठी शाळांमध्ये इंग्रजी काय शिकवायचं, परीक्षेत काय विचारायचं आणि शिक्षकांना ट्रेनिंग कसलं द्यायचं हे ज्या ज्या टेबलांवर ठरतं, त्या सगळ्या टेबलांवरच्या मंडळींना हे पत्र आहे. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात एका अनुदानित हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. मधल्या काळात पुण्यात राहायला होते तेव्हा जर्मन शिकले, बी वन लेव्हलपर्यंत, म्हणजे साधारण मधल्या पायरीपर्यंत, त्यामुळे भाषा शिकवणारी आणि भाषा शिकणारी अशा दोन्ही बाजूंनी मला हा विषय जवळून बघायला मिळाला. दोन्हीकडे जे चालतं त्यात इतका फरक आहे की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

2025 च्या एप्रिलपासून जूनपर्यंत पहिलीपासून हिंदीचा केवढा गदारोळ झाला. दोन जीआर निघाले, 29 जूनला दोन्ही मागे घेतले गेले, डॉ. नरेंद्र जाधवांची समिती बसली. पहिलीतल्या लेकरावर तिसरी भाषा नको या बाजूचीच मी आहे, त्यामुळे जीआर मागे घेतले याचा मला आनंदच झाला. पण त्या तीन महिन्यांत टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर, स्टाफरूममध्ये जेवढं बोललं गेलं ते सगळं किती भाषा, कोणत्या इयत्तेपासून, सक्तीची की ऐच्छिक एवढ्यावरच. भाषा शिकवतात कशी, आणि जी परकी भाषा आपण आधीच पहिलीपासून शिकवतोय तिचं काय झालं, हे कोणी विचारलंच नाही. 2000 सालच्या जूनपासून आपल्याकडे सगळ्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते, त्या निर्णयावरही भरपूर वाद झाला होता, त्याआधी इंग्रजी पाचवीपासून असायचं. म्हणजे पाव शतक होऊन गेलं, त्या पहिल्या तुकडीतली मुलं आज स्वतःच्या मुलांना शाळेत घालतायत.

आणि घालतायत कुठे, तर परवडत असेल नसेल, इंग्लिश मीडियमला. कारण आपल्याला शाळेत दहा वर्षं इंग्रजी होतं आणि तरी ते आलं नाही हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून माहितीये. आमच्या जिल्हा परिषद शाळांचा पट घसरतोय त्यामागे हे एक मोठं कारण आहे, आणि पालकांना मराठीचं प्रेम नाही असं म्हणून ते कारण मिटत नाही.

दरवर्षी पाचवीत नवीन मुलं आली की मी त्यांची पुस्तकं बघते. बहुतेक पुस्तकांत प्रत्येक इंग्रजी ओळीच्या वर बारीक पेन्सिलीनं देवनागरी लिहिलेलं असतं. वन्स अपॉन अ टाइम देअर वॉज अ क्लेव्हर क्रो, असं सगळं, अगदी शेवटच्या धड्यापर्यंत. बाई वाचतात तेव्हा मूल भराभर ऐकून लिहून घेतं, कुठे अक्षर सुटतं, कुठे शब्द अर्धाच राहतो, आणि मग वाच म्हटलं की ते वरची पेन्सिलीची ओळ वाचतं, खालच्या इंग्रजीकडे त्याचं लक्षच नसतं. बरेच शिक्षक यावर चिडतात, खोडायला लावतात. मला त्यात मुलाची धडपड दिसते. त्याला आवाज हवाय. देवनागरीत जे लिहिलंय तेच वाचायचं असतं ही सवय घेऊन ते आलेलं असतं, आणि इंग्रजीत टफ, थ्रू, दो हे तिन्ही शब्द ough या एकाच शेपटीचे पण तीन वेगवेगळ्या आवाजांचे, मग ते काय करणार? आपल्या लिपीची शिडी लावून चढायला बघतं. त्याला भाषेचा आवाज आपण पुरवत नाही म्हणून ते स्वतःपुरती सोय करून घेतं इतकंच.

आता जर्मनच्या क्लासचं सांगते. आमच्या बॅचमध्ये इंजिनियरिंगची पोरं होती, दोन नर्स होत्या, रिटायर झालेले एक गृहस्थ होते, सगळे शून्यावर. पहिल्याच दिवशी शिक्षिकेनं ऑडिओ लावला, दोन माणसं भेटतात, नाव विचारतात, कुठून आलात विचारतात, बास. दोनदा ऐकवलं, मग आम्हाला उठवून एकमेकांना तेच विचारायला लावलं. त्या तासाच्या शेवटी प्रत्येक जण जर्मनमध्ये चार वाक्यं बोलला होता, चुकतमाकत, पण बोलला होता. व्याकरण आलं, नाही असं नाही, भरपूर आलं, पण आधी वाक्य कानावर पडलं, तोंडातून गेलं आणि मग त्याचा नियम समजला.

आणि परीक्षा बघा. युरोपात 2001 मध्ये भाषेच्या पायऱ्या ठरवल्या, ए वन ते सी टू अशा सहा, आणि प्रत्येक पायरीवर माणूस त्या भाषेत काय करू शकला पाहिजे ते साध्या वाक्यांत लिहून ठेवलं. जर्मनच्या ए वन परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात, चौघांना सारखं वजन, शंभरातले पंचवीस पंचवीस, पास व्हायला 60. बोलण्याच्या भागात परीक्षकासमोर छोट्या गटात बसायचं, आधी स्वतःची ओळख, नावाचं स्पेलिंग, फोन नंबरासारखे आकडे, मग टेबलावरचं एक कार्ड उचलायचं आणि त्यावरच्या शब्दावरून समोरच्याला प्रश्न विचारायचा, त्यानं उत्तर द्यायचं, मग दुसरं कार्ड, त्यावर चित्र, त्यावरून काहीतरी मागायचं किंवा विनंती करायची. पाठ करून जाऊन भागत नाही कारण कार्ड कुठलं येईल ते माहीत नसतं, आणि घाबरायचंही फार कारण नसतं कारण सगळं मिळून साधारण साडेसहाशे शब्दांच्या आतलं असतं. परीक्षा अशी आहे म्हणून क्लास तसा चालतो. शिक्षिका कितीही चांगली असली तरी परीक्षेत कवितेचं रसग्रहण विचारणार असते तर तिनं आम्हाला रसग्रहणच लिहून दिलं असतं.

आपल्या दहावीत हेच होतंय. आपल्या पेपरला कृतिपत्रिका, म्हणजे पाठांतरापेक्षा कृती विचारणारा पेपर, हे नाव दिलं, ते देण्यामागचा हेतू चांगला होता हे मी मानते. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून मुलाला काय यायला हवं याची यादी, पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या असतात, त्या मी नीट वाचल्यायत, मनापासून लिहिलेल्या आहेत. पण पेपर त्यांच्याकडे बघून निघत नाही. कवितेचं रसग्रहण म्हणजे कवीचं नाव, यमकाची रचना ए बी ए बी, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, हे गाईडमधून पाठ. पत्रलेखनाचा साचा पाठ. बातमीचा साचा पाठ. भाषणाची सुरुवात आणि शेवट पाठ, मधे विषय बदलायचा. यात हुशार मुलगा 80 पैकी 70 काढतो आणि कॉलेजला पुण्यात गेल्यावर होस्टेलच्या ऑफिसात आपलं काम इंग्रजीत सांगायची वेळ आली की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. ही मुलं मला फोन करतात. मॅडम मार्क तर चांगले होते, मग असं का होतंय, असं विचारतात. त्यांच्या आवाजात जी शरम असते ती ऐकवत नाही.

ऐकणं-बोलणं यासाठी म्हणून 20 मार्क शाळेकडे आहेत. त्यांचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. मार्च 2019 च्या दहावीला भाषांचे हे अंतर्गत मार्क काढून टाकले, निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला, सगळीकडे ओरड झाली आणि पुढच्या वर्षीपासून मार्क परत आले. 2020 चा निकाल 95.30. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला होता, त्यामुळे सगळा फरक या 20 मार्कांचाच असं मी म्हणणार नाही. पण त्या दोन वर्षांत दोनच पर्याय चर्चेला आले, मार्क ठेवा किंवा मार्क काढा. तोंडी परीक्षा खरी घ्या हा तिसरा पर्याय कोणी मांडलाच नाही. आज राज्यात बहुतेक ठिकाणी तोंडी म्हणजे मूल येतं, माय नेम इज पासून पाच पाठ ओळी म्हणतं, एखादी कविता म्हणतं, आणि सतरा-अठरा घेऊन जातं. हे शिक्षकाला माहीत, मुख्याध्यापकाला माहीत, पालकाला माहीत. जे मूल खरंच बोलू शकतं त्यालाही अठराच आणि जे वर्षभर गप्प बसलं त्यालाही अठराच, मग बोलायला शिकवण्यात वेळ घालवावा असं कुठल्या शिक्षकाला वाटेल, आणि वाटलं तरी पोर्शन कोण पूर्ण करणार.

माझं सगळं म्हणणं खरं तर एकाच गोष्टीपाशी येतं. आपल्या खेड्यातल्या पोरासाठी इंग्रजी ही पहिली परकी भाषा असते. एखादी भाषा परकी असून आपली कशी होते, चुकत चुकत कसं बोलायचं, न समजलेल्या शब्दावरून पुढे कसं जायचं, हे त्याला पहिल्यांदा कळणार ते इथेच. इथे जर त्याला वाटलं की भाषा म्हणजे पाठ करायची उत्तरं आणि लाल पेनाच्या खुणा, तर ते पुढे जर्मन असो, जपानी असो, नाहीतर नोकरीसाठी कन्नड असो, प्रत्येक भाषेपुढे तेवढंच आखडून उभं राहतं. आणि हे आता नुसतं माझं मत राहिलेलं नाही, सरकारच्याच योजनांना नडणार आहे. 2024 मध्ये राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, 10,000 कुशल तरुणांना तिकडे नोकरीला पाठवायचं, नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर वगैरे, आणि त्यासाठी जर्मन शिकवायचं. चांगली गोष्ट आहे, माझ्या ओळखीतली मुलं त्याकडे आशेनं बघतायत. पण नर्सला तिथे पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारण बी टू पर्यंतचं जर्मन लागतं, म्हणजे पेशंटशी बोलता आलं पाहिजे, डॉक्टरचं ऐकून समजलं पाहिजे, फोनवर निरोप घेता आला पाहिजे. दहा वर्षं इंग्रजी शिकूनही ज्या मुलीनं एकदाही कोणाला स्वतःहून इंग्रजीत प्रश्न विचारला नाही, तिला आपण हे वर्षभरात शिकवायला निघालोय. ती हुशार आहे, ती शिकेलही, पण आधी तिच्या मनातलं मला भाषा जमत नाही हे काढण्यातच तिचे निम्मे महिने जाणारेत.

ग्रामीण भागातली पाचवीची मुलं इंग्रजीतली साधी वाक्यं, व्हॉट इज द टाइम इतकी साधी, वाचू शकतात का हे असर (ASER) या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत बघतात. देशभराचा आकडा 2016 ला 24.7 टक्के होता आणि 2022 ला 24.5. आठवीचा 45.3 वरून 46.7. मधे कोरोना आला हे धरूनही सहा वर्षांत गाडी जागची हलली नाही एवढं तर दिसतं. हा देशाचा आकडा आहे, आपला थोडा इकडेतिकडे असेल, पण वर्गात उभं राहणाऱ्या कुणालाही तो अनोळखी वाटणार नाही.

मग करायचं काय, तर यातलं बरंच काही आधीच करून बघितलेलं आहे आणि तेही श्रीमंत देशांत नव्हे. फिजीमधल्या खेड्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये 1980 च्या सुमाराला एक प्रयोग झाला. मुलांची घरची भाषा वेगळी, इंग्रजी शाळेत शिकायची, अगदी आपल्यासारखंच. चौथी-पाचवीच्या वर्गांना साधारण अडीचशे गोष्टींची पुस्तकं दिली, सोपी, रंगीत, वाचावीशी वाटणारी. काही वर्गांत मुलं नुसती गप्प वाचायची, काहींत शिक्षक मोठ्यानं वाचून त्यावर गप्पा मारायचे. पुस्तकं न मिळालेल्या वर्गांच्या तुलनेत या मुलांचं इंग्रजी वाचन जवळपास दुप्पट वेगानं सुधारलं, आणि पुढच्या वर्षी लिहिण्यात आणि व्याकरणातही ती पुढे गेली, व्याकरण वेगळं जास्त शिकवलं नव्हतं तरी. आपल्याकडचं मूल वर्षभरात इंग्रजीचं एकच पातळ पुस्तक बघतं. एक शब्द तिसऱ्या धड्यात एकदा येतो आणि पुन्हा वर्षभर भेटत नाही. परका शब्द असा एका भेटीत ओळखीचा होतो का? मायकेल वेस्ट नावाचे शिक्षणतज्ज्ञ 1920 च्या दशकात ढाक्याला बंगाली मुलांसाठी हेच सांगत होते, मोजके शब्द घ्या, ते गोष्टीतून पुन्हा पुन्हा भेटवा, मुलाला वाचता येतंय याचा आनंद आधी मिळू द्या. त्यांच्या नावानं ओळखली जाणारी सुमारे 2000 शब्दांची यादी 1953 ला आली, आजही जगभर सोपी पुस्तकं लिहिणारे असल्या याद्या हाताशी ठेवतात.

पैसे नाहीत असं उत्तर येणार हे मला माहितीये. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट 2015 पासून आहे, तिथे हजारो गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे आहेत. तीच गोष्ट आधी मराठीत वाचली की मग इंग्रजीत वाचताना मुलाला अंदाज बांधता येतो, आणि अंदाज बांधत पुढे जाणं हेच तर परक्या भाषेतलं वाचन. आम्ही काही गोष्टींच्या प्रिंट काढून, चिकटपट्टी लावून वर्गात दोरीवर अडकवल्या. सहावीतला एक मुलगा, जो वर्गात कधी तोंड उघडत नव्हता, मधल्या सुट्टीत दोरीखाली उभा राहून एकच गोष्ट रोज वाचायचा. एक दिवस मला येऊन विचारतो, मॅडम, वाय इज द डॉग नॉट कमिंग होम? त्या गोष्टीत कुत्रं हरवतं आणि पुढचं पान फाटलेलं होतं. त्याला पुढे काय झालं ते हवं होतं, म्हणून त्यानं इंग्रजीत विचारलं. मी त्याला पुढची गोष्ट सांगितली, इंग्रजीतच, त्याला जवळजवळ सगळी समजली.

अर्थ कळण्यासाठी भाषा वापरायला लावा, व्याकरण मागून येईल, हा विचार तर आपल्या शेजारी जन्मला. 1979 ते 1984 या काळात बंगळूर, मद्रास भागातल्या साध्या सरकारी शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी प्रयोग केला. मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं अशी खरी कामं द्यायची, ती सोडवताना इंग्रजी वापरावंच लागायचं. जगभरातल्या बीएड-एमएडच्या पुस्तकांत तो प्रकल्प आज शिकवला जातो. मी त्याची नक्कल केली, आमच्या स्टँडवरचं एसटीचं वेळापत्रक फोटो काढून आणलं, इंग्रजीत टाइप केलं आणि आठवीत वाटलं. एकाकडे वेळा, दुसऱ्याकडे गावं, एकमेकांना विचारून तक्ता पूर्ण करायचा. व्हिच बस गो स्वारगेट? आफ्टर टू, नो बस? व्हाय नो बस? चुका भरपूर होत्या पण वर्गात एकही मूल गप्प नव्हतं, आणि एका मुलीनं तर दहिवडीची गाडी बंद झालीय तुम्ही जुना तक्ता आणलाय म्हणून मलाच इंग्रजीत सुनावलं. त्यानंतरच्या तासाला मी गो आणि गोज फळ्यावर घेतलं तेव्हा सगळ्यांना ते कशासाठी आहे हे माहीत होतं.

अजून एक गोष्ट, याच्यावर मला जरा ठासून बोलायचंय. इंग्रजीच्या तासाला मराठी नको हा जो ट्रेनिंगमधला धोशा आहे तो कृपा करून थांबवा. जर्मन शिकताना मला सगळ्यात जास्त उपयोग माझ्या मराठीचा झाला. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, क्लासमधले हिंदी भाषिक मित्र नपुंसकलिंगाशी झगडायचे, आम्हा मराठी लोकांना ती कल्पना घरचीच. मला थंडी वाजतेय हे जर्मनमध्ये मिअर इस्ट काल्ट, तिथेही ‘मला’ आहे, ‘मी’ नाही. जपानी शिकणारी माझी मैत्रीण सांगते की तिथे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नामाला मागून प्रत्ययासारखे शब्द लागतात, मराठी माणसाला वाक्य उलटं करावंच लागत नाही. इंग्रजी मात्र इथे आपल्यापेक्षा वेगळं चालतं. मला भूक लागलीय तर आय ॲम हंग्री, मला दोन भाऊ आहेत तर आय हॅव टू ब्रदर्स, मला ताप आलाय तर आय हॅव फीवर. आपल्याकडे सगळीकडे मला, तिकडे सगळीकडे आय. हे पाचवीच्या मुलाला एकदा मराठीत, दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून समजावून सांगितलं की त्याचे डोळे चमकतात, कारण त्याची चूक मूर्खपणाची नव्हती, त्याच्या भाषेच्या नियमानं ती बरोबरच होती हे त्याला कळतं. पण आपल्या पुस्तकांत अशी तुलना कुठेच नाही. मराठी येणाऱ्या मुलासाठी इंग्रजीचं पुस्तक लिहिलंय असं ते वाचून वाटतच नाही.

नंदुरबारला, गडचिरोलीला जे शिक्षक भिली, पावरी, गोंडी, माडिया बोलणाऱ्या मुलांना पहिलीत मराठी शिकवतात, त्यांना हे सगळं हाडामासी माहिती आहे. मुलाच्या भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायचं कसं हे ते रोज करतात. त्यांना इंग्रजीच्या ट्रेनिंगला तज्ज्ञ म्हणून बोलावलेलं मी तरी पाहिलं नाही. बोलवा त्यांना. मला स्वतःला त्यांच्याकडून शिकायचंय.

शिक्षकांबद्दल थोडंसं. आमच्यातल्याही अनेकांना इंग्रजी बोलायची भीती वाटते, त्यात नवल काही नाही, आम्हीही याच शाळांतून शिकलो. ती भीती दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये पीपीटी बघून जात नाही. 2016 ला सुरू झालेल्या तेजस उपक्रमात शिक्षकांचे छोटे गट करून नियमित भेटायचं, एकमेकांशी इंग्रजीत बोलायचं, वर्गातला एखादा प्रयोग सांगायचा अशी पद्धत होती. ज्यांनी ते गट अनुभवले त्या मैत्रिणी अजून त्याबद्दल आपुलकीनं बोलतात, कारण तिथे तपासायला कोणी आलेलं नसायचं, सगळे शिकायला आलेले असायचे. तसले गट केंद्रपातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्रात, कायमचे करा, आणि त्या वेळात आम्हाला ऑनलाइन माहिती भरायला, बीएलओच्या, म्हणजे मतदार याद्यांच्या, कामाला लावू नका. एवढं केलं तरी खूप होईल.

तुमच्याकडे मागणं फार मोठं नाही. दहावीच्या 80 मार्कांत ऐकण्याचा भाग आणा, रेकॉर्ड केलेला, दोनदा ऐकवायचा, शाळेत स्पीकर आहेतच, गॅदरिंगला लागतातच. तोंडीचे 20 मार्क शेजारच्या शाळेच्या शिक्षकानं घ्यावेत, कार्डं बोर्डाकडून यावीत, ऐनवेळी उघडायची. पहिली एक-दोन वर्षं निकाल खाली येईल, येऊ द्या, तेव्हा घाबरून मार्क परत वाटू नका, फक्त मुलांना आधी दोन वर्षं सांगून ठेवा म्हणजे त्यांच्यावर अन्याय होणार नाही. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक वर्गात सोप्या गोष्टींची पेटी द्या. आणि पाठ्यपुस्तकाच्या मंडळावर मराठीच्या व्याकरणाची जाण असलेला एक तरी माणूस घ्या, जो प्रत्येक धड्यात विचारेल की हे मराठी मुलाला कुठे अडेल.

आमच्या परिसरातल्या चार शाळांच्या इंग्रजी शिक्षकांनी मिळून ठरवलंय की या वर्षी दिवाळीनंतर नववीची तोंडी आम्ही शाळा अदलाबदल करून, कार्डं वापरून घेणार. मुख्याध्यापकांची परवानगी मिळालीये, पालकांना मीटिंगमध्ये सांगितलंय, कार्डं आम्हीच बनवतोय, सध्या साठेक झालीत, बाजार, दवाखाना, एसटी, शेत, मोबाइल रिचार्ज असले विषय. तुमच्यापैकी कोणालाही ते बघायला यायचं असेल तर जरूर या, मागे एका बाकावर बसा, मुलांशी बोला. कार्डांचा संच आणि मार्क देण्याचा आमचा तक्ता कोणी मागितला तर लगेच पाठवू, त्यात काय दुरुस्त करायला हवं ते आम्हाला सांगा.

आपली,
मराठी माध्यमातली एक इंग्रजीची शिक्षिका
जि. सातारा